बोर्डावरचं नाव चेपू नका, चिंचोळा फॉन्ट घ्या



फ्लेक्सवाल्याकडे गेल्यावर आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नाव मोठं पाहिजे." रास्त आहे. पण गाळा दहा फुटांचा आणि नाव लांबलचक. मग तो काय करतो? साधं अक्षर घेतो आणि कोरलड्रॉमध्ये दोन्ही बाजूंनी चेपतो. उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. लांबून नुसत्या आडव्या पट्ट्या दिसतात. पैसे आपण फुटावर मोजलेले असतात, तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: चेपलेलं अक्षर घेऊच नका, मुळातच चिंचोळं काढलेलं घ्या.

असे मराठी फॉन्ट आहेत, तेही फुकट. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ चा 'तेको' बघा. चौकोनी बांधा, दांडा आणि शिरोरेषा जवळपास एकाच जाडीची, पाच वजनं. मथळ्यासाठीच काढलेला आहे. 'एक टाइप'च्या 'अनेक देवनागरी'त तर रुंदी आणि जाडी दोन्ही कमी-जास्त करता येतात. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मिळतात, धंद्यात वापरायला मुभा आहे. शिवाय कायद्याने मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान चालत नाही. चिंचोळं अक्षर तेवढ्याच रुंदीत उंच बसतं, हा फायदा वेगळाच.

पण खरी गोम पुढे आहे. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही लागत नाही. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्यात सगळ्यात जाड वजन निवडलं की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. आपल्या जिल्ह्याचंच नाव घ्या. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं आणि पाट्या नव्याने लागल्या. 'ध' आणि 'घ' यांत फरक केवढा? डोक्यावरची छोटी गाठ आणि शिरोरेषेतली फट. ती बुजली की रस्त्यापलीकडून 'घाराशिव'! भूमचा खवा विकणाऱ्याची तर दुहेरी अडचण. 'भ'चा 'म' होतो आणि 'खवा'चा 'रववा'.

म्हणून बोल्डच्या एक पायरी खाली, सेमीबोल्डवर थांबा. आणि हा फॉन्ट फक्त नावाला, भावाला किंवा 'राहण्याची सोय' अशा एका ओळीला वापरा. नवरात्रात तुळजापूरला चालत्या गर्दीतला माणूस वर बघतो तो क्षणभरच, त्याला तेवढंच वाचता येतं. पत्ता, फोन नंबर, मेनूकार्ड यांना साधा रुंद फॉन्ट द्या. अख्खं मेनूकार्ड तेकोत छापलेलं मी पाहिलंय, गिऱ्हाईक शेवटी वेटरलाच विचारतं.

फ्लेक्स छापायला देण्याआधी नावातलं सगळ्यात अवघड अक्षर खऱ्या मापात कागदावर काढून शटरला चिकटवा. रस्ता ओलांडून जा आणि चष्मा विसरून आलेल्या एखाद्या काकांना वाचायला सांगा. ते 'घ' म्हणाले, तर अजून एक वजन खाली उतरा.