खोकला अंगावर काढू नका

अमेरिकेतल्या मराठी घरांना आणि मंडळांना,

आपल्यातल्या काहींची मुलं, काहींचे जावई अमेरिकन सैन्यात होते. इराक किंवा अफगाणिस्तानातून आलेला मुलगा एक जिना चढून कठड्याला टेकतो, आणि आपण म्हणतो, "हवा मानवली नसेल, आल्याचा चहा घे." हे आवाहन त्या घरांसाठी आहे.

तिथल्या तळांवर कचरा उघड्यावर जाळत. बगदादच्या उत्तरेला बलादला तर त्यासाठी दहा एकर जागा होती. प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा, सगळं एकत्र. वरून विमानाचं इंधन ओतायचं आणि पेटवायचं. धूर झोपायच्या खोल्यांत शिरे. सकाळी बेडका काळा पडे.

माजी सैनिकांच्या खात्याने, व्हीएने, २०१४ मध्ये या धुरात राहिलेल्या सैनिकांची नोंदवही उघडली. फॉर्म शंभराहून जास्त प्रश्नांचा. कित्येकांनी अर्ध्यावर सोडला. २०२४ पासून लष्करी दप्तरावरूनच सुमारे ४७ लाख नावं आपोआप चढली. नको असेल तर नाव काढता येतं. कृपया काढू नका. कुठल्या तळावरच्यांना कोणता आजार जडला, याचा माग त्यातूनच लागायचा आहे.

घोटाळा पुढे होतो. "नाव आहे ना, मग झालं!" नाही झालं. नोंद म्हणजे भरपाईचा दावा नव्हे; तो वेगळा करावा लागतो. अशाच धुरात राहिलेले ओहायोचे सार्जंट हीथ रॉबिन्सन फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या नावाच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याने नोकरीनंतर जडलेला दमा, कित्येक कर्करोग असे वीसहून जास्त आजार सेवेमुळेच झाले, असं धरून चालायचं ठरवलं. आधी हे सैनिकालाच सिद्ध करावं लागे. तेव्हा फेटाळलेला दावा आता पुन्हा लावता येतो.

तेव्हा डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद शोधा. बहुधा देवघराखालच्या खणात, पत्रिकेच्या पिशवीत असेल. व्हीएच्या दवाखान्यात 'टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंग' मागा. पाच-दहा मिनिटांची प्रश्नोत्तरं असतात. सैनिक संघटनांचे अधिकृत प्रतिनिधी दावा फुकट भरून देतात. टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

मंडळांनी गणपतीत आरतीनंतर एक टेबल द्यावं. कागद घेऊन या, मी बसते.