डोंगल कोणाच्या ताब्यात?

गेल्या काही महिन्यांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सरपंच भगिनींकडून या मासिकाकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते आणि ती मानधनाची किंवा बैठक भत्त्याची नाही. ती डीएससीची, म्हणजे ग्रामपंचायतीच्या देयकांना मंजुरी देणाऱ्या डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्राची आहे. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, देयक तयार करतात आणि सरपंच आपल्या स्वाक्षरीने ते मंजूर करतात. ही स्वाक्षरी ज्यात साठवलेली असते तो डोंगल, त्याचा पिन आणि प्रमाणपत्र काढताना नोंदवलेला मोबाइल क्रमांक, यांपैकी एकही गोष्ट अनेक सरपंच महिलांच्या हाती नाही. डोंगल संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात, पिन चिठोऱ्यावर लिहून त्यालाच दोऱ्याने बांधलेला आणि मोबाइल क्रमांक पतीचा किंवा दिराचा, अशी वाटणी पत्रांतून दिसते. वित्त आयोगाच्या निधीतून गटाराचे बिल अदा झाल्याचे सरपंचांना कळते, ते ठेकेदार घरी येऊन पतीचे आभार मानतो तेव्हा.

हा प्रकार निव्वळ गैरसोयीचा नाही, तो बेकायदा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार स्वाक्षरीची गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची काळजी घेणे हे धारकाचे कर्तव्य आहे, तर दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, किंवा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली, म्हणजे गैरवर्तन वा कर्तव्यातील कसुरीबद्दल पदावरून दूर करण्याच्या तरतुदीखाली, चौकशी लागली, तर नोटीस सरपंच महिलेच्या नावाने निघेल, दिराच्या नावाने नव्हे. पंचायत समितीत विचारणा केली, की प्रणालीत सही सरपंचांचीच दिसते असे सांगून प्रकरण मिटवले जाते. सही प्रणालीत दिसणे वेगळे आणि ती सरपंचांनी स्वतः करणे वेगळे, हे ओळखायचे काम ज्यांचे, त्यांनीच डोळेझाक करावी, हे संतापजनक आहे.

दिल्लीलाही हा रोग ठाऊक आहे. पतीने पत्नीच्या नावाने कारभार करण्याच्या प्रथेचा अभ्यास करण्यासाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये नेमलेल्या सुशील कुमार समितीचा अहवाल 2025 च्या आरंभी सादर झाला. जरब बसेल अशी शिक्षा, ग्रामसभेत जाहीर शपथविधी, महिला लोकपाल, महिला लोकप्रतिनिधींचे संघ अशा तिच्या शिफारशी आहेत. त्या योग्यच आहेत. परंतु शपथ पाच वर्षांत एकदा होते आणि देयके वर्षभर निघत राहतात.

प्रतिनिधित्वाची मीमांसा करताना हॅना पिटकिन यांनी 1967 मध्ये दोन प्रकार वेगळे केले होते: सभागृहात समाजघटकाची माणसे बसलेली दिसणे हे वर्णनात्मक प्रतिनिधित्व आणि त्यांनी त्या घटकाच्या हिताचे निर्णय प्रत्यक्ष घेणे हे सारभूत प्रतिनिधित्व. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखणारी 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती, किंवा निर्णयप्रक्रियेत स्त्री-पुरुषांचा निम्मा-निम्मा वाटा मागणारी संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीची, म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठीच्या समितीची, ऑक्टोबर 2024 मधील सर्वसाधारण शिफारस क्रमांक 40, यांवरची बहुतेक चर्चा पहिल्या प्रकारापाशी थांबते. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत 2011 पासून 50 टक्के जागा दिल्या असल्याने इथला प्रश्न दुसऱ्या प्रकाराचा आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींच्या अभ्यासात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांना 2004 मध्ये असे आढळले, की राखीव जागेवरील महिला प्रधान पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च करतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बंधित होता. म्हणजे ज्या खर्चावर स्त्रियांचा निर्णय सर्वाधिक उमटायला हवा, नेमक्या त्याच खर्चाची किल्ली दुसऱ्याच्या खणात पडून आहे.

याचे परिणाम गावाच्या वेशीपाशी थांबत नाहीत. मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा रिखिल भावनानी यांनी केलेला, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की प्रभागाचे महिला आरक्षण उठल्यानंतरही तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता पूर्वी आरक्षण नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती, कारण कारभार करून दाखवलेल्या स्त्रीला मतदार आणि पक्ष दोघेही ओळखू लागतात. सातारा आणि सांगलीच्या मिळून 16 विधानसभा मतदारसंघांतून 2024 मध्ये निवडून आलेले सोळाही आमदार पुरुष आहेत. पक्षांचा दोष मोठा आहेच; पण ज्या सरपंच महिलेच्या नावावर स्वतःचा एकही निर्णय जमा होत नाही, तिने उमेदवारी मागताना दाखवायचे तरी काय?

हाती सूत्रे असली तर काय घडते, ते पाचगणीने पाहिले आहे. लक्ष्मी कऱ्हाडकर नगराध्यक्षा असताना कचऱ्याच्या वर्गीकरणावर भर देणाऱ्या या गिरिस्थान नगरपरिषदेचा 2018 च्या स्वच्छ सर्वेक्षणात गौरव झाला. तिथून भिलार, गुरेघर, खिंगर ही गावे हाकेच्या अंतरावर आहेत आणि पाचगणीतीलच एशिया प्लॅटो या प्रशिक्षण केंद्रात ग्रामकारभाऱ्यांची प्रशिक्षणेही होतात. त्या प्रशिक्षणांत नेतृत्वगुणांच्या व्याख्यानाआधी डोंगल लावून देयक कसे वाचायचे, नाकारायचे आणि मंजूर करायचे याचा तासभर प्रत्यक्ष सराव ठेवावा.

गटविकास अधिकाऱ्यांनी तालुक्यातील प्रत्येक महिला सरपंचाच्या प्रमाणपत्रावरील मोबाइल क्रमांक तपासावा आणि तो तिचा नसेल तर नवे प्रमाणपत्र काढून द्यावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सरपंच समोर नसताना मंजुरीची प्रक्रिया करू नये. आणि सरपंच भगिनींनो, परिपत्रकाची वाट पाहू नका. उद्या कार्यालयात जाऊन डोंगल मागून घ्या, पिन स्वतः बदला, मागील वर्षाच्या सर्व देयकांची यादी छापून घ्या आणि कायद्याने प्रत्येक ग्रामसभेपूर्वी घ्यावयाच्या महिला सभेत ती मोठ्याने वाचा. ही महिला सभा घरोघरी वही फिरवून सह्या गोळा करण्यापुरती उरली असेल, तर त्या वहीवर सही करण्यास नकार द्या आणि तो नकार इतिवृत्तात नोंदवायला लावा.