गावचा भूगोल आणि तलावाची पाळ

चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे सरकारी भाषेत त्यास अतिवृष्टी म्हणतात. महसूल मंडळाच्या ठिकाणी पर्जन्यमापक असतो. त्यात हा आकडा भरला की पंचनाम्याची वाट मोकळी होते, न भरला तर अर्जदाराने मागाहून कितीही आर्जव केले तरी उत्तर ठरलेले असते. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करण्यात आयुष्याची बहुतेक वर्षे घालविली व हा आकडा आमच्या हातून असंख्य वेळा लिहिला गेला. निवृत्तीनंतर घरच्या चार एकर बांध्या स्वतः पाहू लागलो, तेव्हा त्या आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रसंग आला. त्यावरून सुचलेले विचार सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

वरोरा-भद्रावतीकडील काळ्या जमिनीत आषाढात एका दिवसात एवढा पाऊस झाला तर कपाशीच्या मुळाशी पाणी साचते व पीक पिवळे पडते. त्याच दिवशी तेवढाच पाऊस सावलीकडे झाला तर आमचे लोक चिखलणी धरतात आणि रोवणीच्या बायांस निरोप धाडतात. कारण पऱ्हे तयार होऊन ज्या पाण्याची वाट पाहात होते ते हेच. उलट कार्तिकात धान कापून कडपा बांधीत पसरलेल्या असताना नुसता २० मिलिमीटर पाऊस आला तरी लोंबीस कोंब फुटतात व वर्षाची कमाई काळी पडते. पर्जन्यमापकाच्या लेखी मात्र पहिला पाऊस हे संकट आणि दुसरा काहीच नव्हे. हे दोन्ही भाग एकाच जिल्ह्यात आहेत हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मग संबंध देशाची गोष्ट काय सांगावी! मेघालयातील मौसिनराम येथे वर्षास ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि राजस्थानात जैसलमेरास २०० देखील पुरता पडत नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्याकडे मोठा पाऊस आश्विन-कार्तिकात, ईशान्येकडील वाऱ्यांनी येतो. आमची कापणी चालू असते तेव्हा तिकडील तलाव भरत असतात. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरांच्या वर जाणारा पाऊस घाट उतरून नगरच्या बाजूस आला की पाच-सहाशेवर येतो. तेथून पूर्वेस यावे तो पुनः वाढू लागतो आणि वैनगंगेच्या खोऱ्यात बाराशेच्या वर जातो. ह्याचे कारण असे की अरबी समुद्राकडून आलेला पाऊस सह्याद्री बहुतेक अडवून घेतो, आणि आम्हांस मुख्यतः बंगालच्या उपसागरात उठलेली वादळे ओरिसा-छत्तीसगडावरून येऊन भिजवितात. म्हणजे आमचे ढग पूर्वेचे आणि आमचे हुकूम पश्चिमेचे. सरळ रेषेने मोजल्यास सावलीहून रायपूर पुण्याच्या मानाने कितीतरी जवळ आहे, आणि मुंबईपेक्षा आमच्याकडे सूर्यही सुमारे अर्धा तास आधी उगवतो. धान, तलाव व बांधी ह्या बाबतींत आमचे खरे शेजारी छत्तीसगडचे. हे आम्ही प्रांताच्या राजकारणासाठी म्हणत नाही. हा जिल्हा मध्यप्रांतात होता, पुढे मध्य प्रदेशात राहिला, १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्याचे दोन भाग होऊन आमच्या बाजूस वैनगंगा ही हद्द ठरली. ह्या प्रत्येक वेळी दप्तराचे मथळे बदलले. पाणी होते त्याच उताराने वाहात राहिले.

जुन्या बंदोबस्ताच्या अंमलदारांस एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. सारा वसूल करणे हाच त्यांचा हेतू होता, ह्यात संशय नाही. पण आकार बसविताना ते मातीची जात पाहात आणि तिचे ठिकाणही पाहात. कन्हार, मोरंड, खरडी, बरडी ही मातीची नावे झाली. तीच मोरंड खोलगट जागी असली, वरच्या शेतांचे पाणी झिरपून तिच्यात येत असले, तर तिचा आकार निराळा; उंचवट्यावर असली तर निराळा; तलावाखाली भिजत असली तर आणखी निराळा. एका गावात अशा किती तरी जाती निघत. आज पैसेवारी काढताना अख्ख्या गावास एक आकडा मिळतो. पन्नास पैशांच्या खाली आला तर गाव टंचाईत, वर राहिला तर सुखात. तलावाच्या पाळीखालच्या बांधीत धान कमरेइतके उभे आहे व पाटाच्या शेवटी त्याच गावच्या दुसऱ्या सभासदाची बांधी भेगाळली आहे, हा प्रकार त्या एका आकड्यात बुडून जातो.

येथे आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभी एका गावच्या पीकपाहणीची तपासणी आमच्याकडे आली. गावास मोठा तलाव होता, म्हणून तलावाखालचे सर्व गट ओलिताचे धरून आम्ही तक्ता पुरा केला. पाटाच्या शेवटचा एक म्हातारा शेतकरी दोन दिवस ओट्यावर येऊन बसत असे व म्हणे, "बाबूसाहेब, तलाव आहे, पण आमच्यापर्यंत येत नाही." आम्ही त्यास नकाशावरील पाटाची रेघ दाखविली. नकाशात पाट होता. जागेवर तो बुजून त्यावर कोणी तूर लावली होती. तक्ता तसाच वर गेला. आता आमच्या स्वतःच्या चार एकरांपैकी दोन एकर पाटाच्या शेवटी आहेत, आणि त्या म्हाताऱ्याचे बोलणे दर भाद्रपदात आठवते.

तलावांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आमच्या भूगोलाचा जीव त्यांत आहे. वर्धा नदीपलीकडे यवतमाळच्या बाजूस लाव्ह्याचा काळा दगड व त्याची खोल काळी माती आहे. ती ओल धरून ठेवते, म्हणून तेथे कापूस, ज्वारी व तूर ही पिके पावसाच्या खंडातही तग धरतात. वैनगंगेच्या बाजूस खाली अतिप्राचीन कठीण खडक, वर पातळ माती, आणि जमीन लाटेप्रमाणे चढउताराची. अशा भूमीवर पाऊस पुष्कळ पडतो आणि तितक्याच लवकर वाहून जातो. श्रावणात पंधरा दिवस ओढ दिली की खरडीतील रोवणा जळू लागतो. पण हीच चढउताराची जमीन दोन टेकाडांमध्ये मातीची पाळ घालण्यास फार सोयीची आहे, हे पूर्वजांनी ओळखले. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन इनाम मिळे असे सांगतात. ह्या भागात तुकूम नावाच्या ज्या वस्त्या आहेत त्यांचे नाव अशाच देणगीवरून पडले असे मानले जाते. कोहळी लोकांनी तर हे काम विद्येच्या पदवीस नेले. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या बोडीत, तिच्यातून आणखी खालच्या गावच्या तलावात, अशी साखळी त्यांनी कोणत्याही यंत्रावाचून केवळ उतार पाहून बसविली. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक मोजलेले आहेत.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. ती संपली हे योग्यच झाले. मालगुजाराच्या वाड्यावरील वेठ ज्यांच्या घराण्यांनी सोसली त्यांस हे सांगावयास नको. परंतु मालगुजारासोबत पाळीवर माती टाकविणारा, तुडुमाची लाकडे पाहणारा व पाणकरास धान्य देवविणारा मनुष्यही गेला. तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. धनी बदलला, राखणदार मात्र कोणीच नेमला गेला नाही. गाळ साठत गेला, पाळीवर झाडे उगवून मुळ्यांनी तिला भोके पाडली, आणि तलावाचे पोट उथळ होताच कडेची जमीन उघडी पडली.

ती उघडी पडलेली जमीन कोणी वाहिली? हा प्रश्न अप्रिय आहे, पण ह्या मासिकात विचारला नाही तर कोठे विचारणार? तलावाच्या पोटात दर वर्षी एक एक तास पुढे नांगर घालणारे बाहेरगावचे लोक नव्हेत. ते आपल्यातीलच आहेत, पुष्कळदा दहा-वीस एकरांचे खातेदार आहेत, आणि काही तर तलाव फुगून आपले पीक बुडू नये म्हणून रात्री सांडवा फोडणारेही आहेत. भूमिहीनाने पोटासाठी कडेला भाजी लावली तर तिचा बोभाटा होतो. मोठ्या खातेदाराची धुरे पाण्यात सरकली तर तिकडे कोणी पाहात नाही.

हल्ली ह्या आळसास एक नवे निमित्त सापडले आहे. "आता गोसेखुर्दचे पाणी येणार, मग तलाव कशास हवा?" असे आम्ही सोसायटीच्या ओट्यावरच ऐकले. गोसेखुर्दची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे कित्येक पटींनी वाढला. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे अडीच लक्ष हेक्टर भिजविण्याचा संकल्प आहे, आणि उजवा कालवा आमच्याच तालुक्यातील आसोलामेंढ्यापर्यंत आणण्याची योजना आहे. हे पाणी यावे, भरपूर यावे, अशी आमची इच्छा आहे. पण कालवा हा एका उंचीच्या रेषेने जातो. त्या रेषेच्या वरची गावे त्याच्या पाण्यावाचून राहणार, हे नकाशावर बोट ठेवून कोणासही कळेल. खालच्या गावांतही कालव्याचे पाणी पाळीने येते, तलावाचे पाणी धानास हवे त्या रात्री सोडता येते. शिवाय आसोलामेंढा हा स्वतः इंग्रजी अमदानीत बांधलेला तलावच आहे. दूरच्या धरणाचे पाणी शेवटी ज्या जागी साठवावयाचे ती जागा शंभर वर्षांपूर्वीची पाळच ठरली, ह्याचा अर्थ ज्यांनी त्यांनी काढावा.

मोठ्या नदीवर सर्वस्वी विसंबणे म्हणजे काय ते २०२० च्या ऑगस्टअखेर दिसले. आमच्याकडे त्या दिवसांत सांगण्यासारखा पाऊस नव्हता. पाऊस झाला तो मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या उगमाकडे, शिवनी जिल्ह्याच्या बाजूस. तिकडील संजय सरोवराचे पाणी सुटले, गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि ब्रह्मपुरीपासून खाली नदीकाठचे धान दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिले. कोरड्या आभाळाखाली पूर आला. देश मोठा असणे ह्याचा अर्थ असाही आहे, की सातपुड्यात पडलेल्या पावसाने आमचा हंगाम जाऊ शकतो, आणि आमच्याकडून गेलेले पाणी वर्धेस मिळून, प्राणहिता होऊन, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते व आंध्रच्या किनाऱ्यास लागते. त्या नदीवर आमची सत्ता नाही. गावच्या नाल्यावर आहे, निदान असावयास हवी.

प्राणहितेपलीकडे तेलंगणात काकतीय राजांच्या काळापासूनचे तलाव आहेत. तेथील सरकारने २०१५ पासून ४६,००० तलावांचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले व गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने शेतात वाहून न्यावा अशी रीत ठेवली. सर्वत्र ते सारखे साधले असे नाही. तरी गाळ हे खत आहे, ही गोष्ट तेथील शेतकऱ्यास पटविता आली. आमच्याकडे रस्त्याच्या भरावास मुरूम म्हणून गाळ गेलेला आम्ही पाहिला आहे.

वरून येणाऱ्या शिफारशी निरुपयोगी असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु आपल्या बांधीकडे आपण पाहावे तसे दुसरा पाहणार नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे (मराठवाड्यातील नव्हे) दादाजी खोब्रागडे ह्यांनी १९८० च्या दशकात आपल्या थोडक्या जमिनीत 'पटेल ३' धानातील निराळ्या लोंब्या ओळखून वेगळ्या काढल्या, आणि त्यांतून निघालेले एचएमटी धान आज पुष्कळ राज्यांत पिकते. त्यांचे शिक्षण बेताचेच होते. बांधीत त्यांचे लक्ष होते.

आता सोसायटीने काय करावे, ह्याविषयी आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज दप्तरात असतात. तलावाचे पाणी कोणास, पाट कोणाच्या शेतातून, मासे कोणाचे, गुरे कोठून उतरावयाची, हे हक्क त्यांत नोंदलेले असतात. त्यांची नक्कल फी भरून मिळते. आमच्या अनुभवात मागणारे फार थोडे आले. त्या नकलेसोबत जुना गावनकाशा घ्यावा आणि माघ-फाल्गुनात पाणी आटल्यावर चार जाणत्या माणसांनी, त्यांत एक पाटाच्या शेवटचा असलाच पाहिजे, तलावाभोवती पायी फिरावे. पाणी कोणकोणत्या वाटांनी तलावात येत होते व त्यांतील किती बुजल्या. पाळ कोठे खचली. तुडुम लागते की नाही. तलावाच्या पोटात धुरे कोठपर्यंत आले आहेत आणि ते कोणाचे. हे सर्व नकाशावर तांबड्या शाईने मांडावे. नावे लिहिताना संकोच वाटेल. आमच्या गावी प्रथम आमच्या चुलत्याच्या मुलाचे नाव निघाले, व त्यानंतर दोन महिने त्याच्या घरचा चहा आम्हांस मिळाला नाही. पुढे त्याने पाऊण एकर सोडला, अर्धा अद्याप धरून आहे.

असा नकाशा सिद्ध झाला म्हणजे जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या अर्जास वजन येते. "आमचा तलाव दुरुस्त करावा" एवढ्या एका ओळीच्या अर्जाचे पुढे काय होते ते आम्ही टेबलाच्या त्या बाजूने पाहिले आहे. ज्या सभासदांस नकलेचा अर्ज लिहिता येत नसेल त्यांनी बाजाराच्या दिवशी दुपारी सोसायटीच्या ओट्यावर यावे. आम्ही तेथे असतो. येताना गावचे नाव, साझा व गट क्रमांक तेवढे आणावेत.