नोंदणी क्रमांक तपासा, पण गुन्हेगार कोण तेही ओळखा

आरक्षणाचा विषय निघाला की ज्यांना लगेच 'मेरिट' आठवते, त्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. खासगी रुग्णालयात तुमच्या आईला रात्री इंजेक्शन देणारी मुलगी नोंदणीकृत परिचारिका आहे की नाही, हे तुम्ही कधी विचारले आहे काय? नाही. कारण तिथे मेरिट मोडणारा मालक असतो, आणि मालकाच्या नफ्यासाठी मोडलेले मेरिट या समाजाला कधीच खुपत नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. 'सहा महिन्यांत नर्स बना' असे फलक आम्हाला जागोजागी दिसतात. बचत गटाचे कर्ज काढून आई-बाप फी भरतात आणि मुलीच्या हातात एक रंगीत प्रमाणपत्र पडते. एखादे लहान रुग्णालय तिला लगेच कामावर घेते, कारण ती स्वस्त पडते. रुग्णासमोर तिला 'सिस्टर' म्हणतात, पगाराच्या वेळी मात्र ती 'हेल्पर' असते.

कायदा काय सांगतो? ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्यावरच परिचारिका म्हणून काम करता येते. राज्याचा परिचारिका कायदा 1966 चा आहे. रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा तर 1949 चा. म्हणजे कायदे जुने आहेत, तपासणारे हात मात्र हलत नाहीत.

सहा महिन्यांचा प्रत्येक कोर्स बोगस असतो असे आम्ही म्हणत नाही. जनरल ड्युटी असिस्टंटसारखे प्रशिक्षण खरे असते आणि ते कामही सन्मानाचे आहे. पण ते सहायकाचे काम आहे. सहायकाकडून परिचारिकेचे काम करून घेणे ही रुग्णाची फसवणूक आहे आणि त्या मुलीचीही.

काही कार्यकर्ते म्हणतील, 'तपासणी कडक झाली तर आपल्याच मुलींची भाकरी जाईल.' ही भीती खोटी नाही. पण उद्या चुकीच्या औषधाने रुग्ण दगावला तर कोण अडकेल? जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा नवजात बालकांचा बळी घेतला. इमारतीची अग्निसुरक्षा परिचारिकांच्या हाती नव्हती, तरी गुन्हा दोन परिचारिकांवर दाखल झाला. शासकीय नोकरीतल्या परिचारिकांची ही गत असेल, तर जिच्याजवळ ना नोंदणी, ना नियुक्तीपत्र, तिच्या बाजूने कोण उभे राहणार?

म्हणून तपासणी हवीच, आणि तिची जबाबदारी नोकरी देणाऱ्यावर हवी. रुग्णालयाने उमेदवाराचा नोंदणी क्रमांक घ्यावा, तो परिषदेकडून पडताळावा, नूतनीकरणाची मुदत पाहावी आणि मूळ कागद त्याच दिवशी परत करावेत. पडताळणीच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रे कपाटात कोंडून मुलींना वेठीस धरणे ही तपासणी नव्हे, वेठबिगारी आहे. आणि पात्रता मागता, तर पगारही पात्रतेचा द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने अगदी लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये वेतनाची शिफारस केली होती. ती किती ठिकाणी मिळते, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही सिस्टरला विचारा.

आता आपले काम. प्रवेशाच्या हंगामात वस्तीतल्या मुलींसोबत बसा. संस्था परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहा. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. 'आमच्याकडे शिष्यवृत्ती चालत नाही' असे संस्थाचालक म्हणाला की तिथेच सावध व्हा. आपल्या भागातील रुग्णालयांनी नोंदणीच्या वेळी किती पात्र परिचारिका दाखवल्या, याची माहिती माहिती अधिकारात मागा आणि ती वॉर्डातल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहा.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते खोट्या प्रमाणपत्रासाठी नव्हे. शतकानुशतके ज्ञान नाकारलेल्या समाजाला आता ज्ञानाऐवजी त्याचा कागद विकला जातो आहे. ही नाकारण्याचीच नवी रीत आहे. ती विकणाऱ्याला आणि तिच्यावर नफा कमावणाऱ्याला जाब विचारू या. मुलीला नव्हे.

जय भीम!