हौसेचा रेडिओ आणि उपयोगाचा प्रश्न

मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांनी काही नवे करायला घेतले, की एक प्रश्न ठरलेला असतो. 'पण त्याचा उपयोग काय?' मुलगा तबला शिकू लागला, मुलगी फुलपाखरांच्या नोंदी ठेवू लागली, की चहाचा कप खाली ठेवता ठेवता कोणीतरी हा प्रश्न टाकतोच. मी बँकेत तीसेक वर्षे काढली. तिथे हाच प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळत होता. म्हैस दूध किती देईल, गिरणीवर दिवसाला दळण किती येईल, हप्ता कशातून फेडणार? टेबलाच्या त्या बाजूला प्रश्न योग्यच होता. लोकांच्या ठेवी सांभाळायच्या, तर तो विचारावाच लागतो. परंतु तोच प्रश्न बँकेतून उचलून घरात आणला आणि मुलांच्या हौसेला लावला, तर आपण फार मोठे नुकसान करून घेतो, असे माझे मत आहे. गेल्या उन्हाळ्यात ते अधिकच पक्के झाले. निमित्त झाले एका लहानशा रेडिओचे.

माझी नात आठवी संपवून नववीत जायची होती. सुट्टीत तिच्यासाठी मी रिसीव्हरचे एक किट आणले. हा रिसीव्हर गाण्यांचा नव्हे, 'हॅम' मंडळींचे बोलणे ऐकण्याचा. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाले. सरकारी परीक्षा देऊन, परवाना मिळवून ही माणसे घरच्या यंत्रावरून एकमेकांशी बोलतात. पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत, धंदा करायचा नाही, हा त्यांचा दंडक. त्यांच्यासाठी लघुलहरींचे काही पट्टे राखून ठेवलेले आहेत. त्यांतला ४० मीटरचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या जरा वरचा पट्टा आपल्याकडे चांगला गजबजलेला असतो. दिवसा त्यावर काही शे किलोमीटरवरचे ऐकू येते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांची कृपा झाली, तर हजारो किलोमीटरवरचेही.

सूनबाईंनी डब्याकडे पाहून विचारले, "बाबा, मोबाइलवर जगातली सगळी स्टेशनं ऐकू येतात. मग हे कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या वेळी मी दिले नाही. आता देतो आहे.

डब्यातून निघाले ते असे. तळहाताएवढी छिद्रांची पट्टी, चिमूटभर रेझिस्टर, काही कपॅसिटर, दोन डायोड, ट्रान्झिस्टर, आवाज मोठा करणारी आठ पायांची 'एलएम ३८६' ही चकती, स्टेशन लावायचा गँग आणि एनॅमलची तांब्याची तार. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४७०० ओहम. अर्ध्या तासात नातीला हे रंग पाठ झाले आणि मला चष्मा लावूनही तपकिरी कोणता अन् लाल कोणता हे तिलाच विचारावे लागले. घरात आजोबांपेक्षा आपल्याला अधिक दिसते, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जी कळा येते, तिचे मोल कोणत्या गुणपत्रिकेत मांडायचे?

डायोड हातात घेतल्यावर मी तिला सांगितले, की या वस्तूच्या घराण्याचा एक मूळ पुरुष आपल्या देशातला आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना नावाच्या खनिजाच्या खड्याने बिनतारी लहरी ओळखून दाखवल्या आणि १९०४ साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. पुस्तकातले बोस तिला ठाऊक होते. तिच्या बोटांत ते पहिल्यांदा आले.

हे यंत्र चालते कसे, हे समजावायला मला तंबोरा आठवला. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की एक मंद थरथर ऐकू येते. दोन सुरांत जेवढे अंतर, तेवढ्या वेगाची थरथर. आमच्या रिसीव्हरची सगळी करामत एवढीच. आकाशातून येणारी लहर सेकंदाला सत्तर लाखांहून अधिक वेळा कंप पावते, ती कानाला कळणे शक्य नाही. म्हणून यंत्रात तिच्या अगदी जवळची दुसरी लहर तयार करायची आणि दोन्ही डायोडमध्ये एकत्र करायच्या. सत्तर लाख ऐंशी हजार आणि सत्तर लाख एक्याऐंशी हजार यांतला फरक एक हजार, आणि एक हजार कंपने कानाला स्वच्छ ऐकू येतात. रेडिओ म्हणजे जादू नव्हे, वजाबाकी आहे, हे नातीला उमगले तेव्हा ती थोडा वेळ गप्पच बसली.

चार दिवस रोज संध्याकाळी डाख देण्याचे काम चालले. पाचव्या दिवशी नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि यंत्र मुके राहिले. अशा वेळी आजची मुले काय करतात, तर बंद करून पुन्हा चालू करतात. तेही जमले नाही तर वस्तू दुकानात जाते किंवा माळ्यावर. इथे दुकान नव्हते. मी तिला बँकेतली रीत सांगितली. संध्याकाळी रोकड जुळत नसेल, फरक दहा रुपयांचा का असेना, तर सगळी वही पहिल्यापासून चाळत बसायचे नाही. जिथवर जुळते तिथवर खूण करायची आणि तिथून मागे मागे जायचे. आम्ही स्पीकरपासून मागे निघालो. आठ पायांच्या चकतीच्या आत येणाऱ्या पायाला धातूच्या पेचकसाने, दांड्याला बोट लावून स्पर्श केला. गुरगुर ऐकू आली, म्हणजे तिथून पुढे सगळे ठीक. एक पायरी मागे गेलो, तिथेही गुरगुर. आणखी मागे, शांतता. दोष कुठे आहे ते सापडले. एका सांध्यावर डाख नुसताच बसला होता, धरला नव्हता. नातीने तो पुन्हा गरम केला आणि यंत्र खरखरले.

दोषाचा माग काढण्याची ही रीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बिघडलेल्या वस्तूपुढे हतबल न होता, 'इथपर्यंत ठीक आहे, पुढे पाहू' असे म्हणता येणे, ही आयुष्यभराची शिदोरी आहे. यंत्रालाच नव्हे, आजारपणाला, संसाराला, सार्वजनिक कारभारालाही ती लागू पडते.

ऐकू येण्यासाठी गच्चीवर वीस मीटर तार बांधायची होती. सोसायटीच्या अध्यक्षांना ती कपडे वाळत घालायची दोरी नाही, हे पटवण्यात एक रविवार गेला. मग दुसरीच अडचण समोर आली. स्पीकरमधून इतका कर्कश खरखराट येई, की बोलणे त्यात बुडून जाई. नातीने घरातले एकेक बटण बंद करून गुन्हेगार शोधले. मोबाइलचा एक स्वस्त चार्जर आणि जिन्यातला एलईडी दिवा. आपली घरे अदृश्य गोंगाटाने किती भरलेली आहेत, हे त्या दिवशी आम्हा सर्वांना प्रथमच कळले. सूनबाईंनी चार्जर स्वतः काढून ठेवला. सकाळी सातच्या सुमारास गँग हळूहळू फिरवताना आधी बदकासारखा आवाज आला, मग केसभर फिरवल्यावर तो माणसाचा झाला. कोणी एक गृहस्थ दुसऱ्याला आपल्या गावच्या पावसाची हकिगत सांगत होते. ना टॉवर, ना कंपनी, ना रिचार्ज. मध्ये फक्त आकाश आणि गच्चीवरची तार.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. मोबाइल अधिक ऐकवतो, अधिक स्वच्छ ऐकवतो, हे मी नाकारत नाही. परंतु मोबाइल हे बंद दार आहे. त्याच्या आत काय आहे हे मुलांना कळू नये, अशीच त्याची बांधणी असते. वापरणारा हात आणि जाणणारा हात यांत फरक असतो. ज्या समाजात सगळे हात नुसते वापरणारे होतात, त्या समाजाला दुसऱ्यांच्या मर्जीवर जगावे लागते.

आणि उपयोगाचेच म्हणाल, तर रेडिओचा इतिहास हेच सांगतो की काय उपयोगी ठरेल, हे ठरवणारे शहाणे पुष्कळदा चुकले. १९१२ साली अमेरिकेच्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर व त्याखालच्या लहरी दिल्या. कारण काय, तर त्या लहरी लांबच्या कामाला निरुपयोगी समजल्या जात. मोठ्यांनी पंगत उरकून उष्टे पोरांपुढे सारावे, तसा प्रकार. पोरांनी त्या उष्ट्याचे काय केले? डिसेंबर १९२१मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी आपला रिसीव्हर घेऊन स्कॉटलंडच्या आर्ड्रोसन गावी गेला. ओल्या शेतात तंबू ठोकून, कडाक्याच्या थंडीत रात्री जागून त्याने अटलांटिकपलीकडच्या वीसहून अधिक हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. १९२३मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींचा दुतर्फा संवादही झाला. मग मोठ्यांचे डोळे उघडले, आणि पुढे जगभरचे नभोवाणी प्रसारण याच 'निरुपयोगी' लघुलहरींवर चालले. आपल्या वडीलधाऱ्यांनी जुन्या रेडिओवर २५, ३१ आणि ४१ मीटरवर जे काही ऐकले, ती त्या हौशींची देणगी.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशींचे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करायला लावली. पण यंत्र जमा करता येते, बोटांतली विद्या कशी जमा करणार? ऑगस्ट १९४२मध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्यामागे उषा मेहता ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी होते, तर यंत्र उभारण्यात नरिमन प्रिंटर या जुन्या हौशीचा हात होता. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी येरवड्याचा तुरुंग पाहिला. त्या रेडिओची लहर होती ४२.३४ मीटर. हिशेब केला तर ती आजच्या हौशींच्या ४० मीटर पट्ट्यातच पडते. नातीने गणित करून पाहिले आणि आपल्या गँगवर ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली.

डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही भारतीय हौशी पोर्ट ब्लेअरला गेले होते. उद्देश निव्वळ हौसेचा. अंदमानातून क्वचितच कोणी बोलते, तर तिथून जगाशी बोलावे. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, टेलिफोन कोलमडले आणि हौसेची तीच यंत्रे बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवू लागली. त्यांनी निघताना कोणाला उपयोग विचारला असता, तर त्यांना काय उत्तर मिळाले असते?

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचे हौशी यंत्र रचले, तेही मला या ओळीत मांडावेसे वाटते. बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून ते व्हावे, म्हणून कॉइल गुंडाळायला त्यांनी नळाचे वायसर वापरले. पुढे जगभरच्या हौशींनी ते बांधले. परदेशी वस्तूंची वाट न पाहता नळाच्या वायसरकडे बघण्याची ही दृष्टी क्लासमध्ये शिकवत नाहीत.

कोणी म्हणेल, किट जोडणे म्हणजे नकाशावर बोट ठेवून चालणे, त्यात शोध कसला? खरे आहे. पण पोळी शिकताना पहिली पोळी कोणी आपल्या मनाची करत नाही. आधी आईच्या हाताकडे पाहायचे असते. कोणी म्हणेल, तापलेले सोल्डरिंग आयर्न मुलांच्या हाती द्यायचे? द्यावे, आणि शेजारी आपण बसावे. आपण शेजारी बसणे हाही त्या किटचा एक भाग आहे, तो डब्यात येत नाही. खर्चाचे म्हणाल, तर कुटुंबाने एकदा हॉटेलात जेवण्याच्या बिलात साधे किट येते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्ली आहे. तिथल्या दुकानांत मुलांना घेऊन नुसते हिंडले, तरी एक सुट्टी सार्थकी लागेल.

रेडिओच असावा असा माझा हट्ट नाही. सायकल उघडा, घड्याळ उघडा, लाकडाचे स्टूल करा. पण प्रत्येक घरात निदान एक वस्तू अशी असावी, की जी घरातल्या मुलाने स्वतः बांधली आहे आणि जिच्या आत काय आहे ते त्याला माहीत आहे. उपयोगाचा प्रश्न विचारायला बँका आहेत, त्या आपले काम चोख करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना दुसराच प्रश्न विचारावा. 'हे चालतं कसं, मला समजावून सांगशील का?'