वेचणारे हात कोणाच्या हिशेबात?

कापसाचा हमीभाव दरवर्षी खरिपाच्या तोंडावर दिल्लीहून जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये असा तो ठरला. हा भाव पुरेसा की अपुरा, यावर वाद होतो आणि तो व्हायलाही हवा. गिरण्यांची कापूस महाग पडत असल्याची तक्रार होती, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे मांडायला जागा आहे, गिरणीमालकाचे म्हणणे ऐकणारेही कोणी आहे. परंतु ज्या हातांनी हा कापूस बोंडातून वेचला जातो, त्या हातांच्या मजुरीची चर्चा कोणत्याही सभागृहात होत नाही. ती गावच्या पारावर, किलोच्या हिशेबाने आणि त्या-त्या आठवड्याच्या निकडीप्रमाणे ठरते.

जालना जिल्ह्यापुरता विचार केला, तर हा प्रश्न किरकोळ नाही. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आणि परभणीतील परतूरचा भाग जोडून हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली आणि त्यांतील सुमारे चार-पंचमांश लोक खेड्यांत राहणारे होते. निजामी राजवटीत १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि हे गाव कापसाची मोठी पेठ बनले. पुढे १९६४ मध्ये येथेच संकरित बियाण्यांची 'महिको' ही कंपनी उभी राहिली. २००२ मध्ये देशात ज्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याच्या बियाण्याशी जालन्याचे नाव जोडले गेले. बी येथले, कापूस येथला, सरकी वेगळी करून गाठी बांधणारे कारखानेही येथले. कापड मात्र येथे विणले जात नाही. त्यामुळे 'वस्त्रोद्योगातील कामगार' म्हटले की इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव किंवा जुन्या गिरणगावचे चित्र डोळ्यांपुढे येते; भोकरदन वा घनसावंगीच्या शिवारात ओटी बांधून उभी असलेली बाई त्या चित्रात बसत नाही. वस्तुतः सुती कापडाच्या साखळीतील सर्वांत अधिक हातकाम याच टप्प्यावर होते.

वेचणी कोण करते?

जालन्यातील कापूस बव्हंशी कोरडवाहू आहे. बोंडे एकदम फुटत नाहीत. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. हे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांचे. पेरणी, फवारणी, वाहतूक ही पुरुषांची कामे रोजाने होतात आणि त्यांचा रोज अधिक असतो. वेचणी किलोवर होते. कायद्याच्या दृष्टीने पाहता येथे भेदभाव दिसत नाही, कारण किलोला स्त्री-पुरुष असा वेगळा दर नाही. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला, आज तो वेतन संहितेत सामावला गेला आहे; तथापि कामाचीच विभागणी अशी केली गेली, की तुलनेला पुरुष उरू नये. समान वेतनाच्या तत्त्वाला बगल देण्याची ही जुनी आणि बिनबोभाट रीत आहे.

मजुरीचा हिशेब मांडून पाहावा. दर गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो. सोयीसाठी किलोला दहा रुपये धरू. पहिल्या-दुसऱ्या वेचणीत शेत पांढरेशुभ्र असते, तेव्हा सराईत बाई दिवसाला तीस किलोपर्यंत कापूस वेचते आणि तिचा रोज तीनशेवर जातो. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ होतात, पिकात बोंडअळी असेल तर कवडी कापूस हाती येतो, आणि तेच दिवसभराचे श्रम करून पंधरा किलोही भरत नाहीत. रोज दीडशेवर येतो. कष्ट तेवढेच, दिवस तेवढाच. पीक हलके निघाल्याची तोशीस मात्र मजुराला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

हे हात कोणत्या वयाचे आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी जोडपी बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तेव्हा थांबण्याची सोय नसते. ऐन वेचणीच्या दिवसांत गावातील तरुण मनुष्यबळ असे साखर पट्ट्यात जाते. मागे उरतात त्या प्रौढ आणि वृद्ध स्त्रिया, व शाळा सोडलेल्या किंवा शाळा बुडवून येणाऱ्या मुली. वर्गशिक्षकांना हजेरीपटावर नोव्हेंबर-डिसेंबरात जी गळती दिसते, तिच्या मुळाशी पुष्कळदा वेचणीचा हा हिशेब असतो.

हंगामी म्हणून वगळलेले

शेतातून कापूस जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात येतो. शंभर किलो कापसातून सुमारे चौतीस किलो रुई निघते आणि १७० किलोची एक गाठ बांधली जाते. पूर्वी कापसाचे ढीग जिनांपर्यंत वाहून नेणे, तो निवडणे, यंत्रात भरणे ही कामे बायकांच्या डोक्यावर व हातावर चालत. २००० मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान हाती घेतले. जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, हवेच्या दाबाने कापूस ओढणाऱ्या नळ्या आल्या, रुई स्वच्छ निघू लागली. हे इष्टच झाले. धूळ आणि तंतू छातीत भरून घेण्याचे काम कमी झाले. परंतु जे काम उरले ते यंत्रावरचे, आणि ते प्रायः पुरुषांकडे व मुकादमाने बाहेरून आणलेल्या टोळ्यांकडे गेले. यंत्र आले की स्त्री मागे सरते, हा वस्त्रोद्योगाचा जुना अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. रात्रपाळीवरील कायदेशीर बंदी आणि यंत्रांचे सुसूत्रीकरण यांमुळे हे प्रमाण घसरत गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला तोवर ते नगण्य झाले होते. यंत्रमागाच्या गावांतही मागावर पुरुष उभा असतो. कांड्या भरणारी स्त्री घरात बसून नगावर मजुरी घेते.

जिनिंग कामगारांचे दुखणे आणखी एका शब्दात साठवलेले आहे: 'हंगामी'. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. आजारपण, अपघात, बाळंतपण या प्रसंगी कामगाराला आधार देणारा तो पहिला मोठा कायदा. त्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले आणि अशा कारखान्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग यांचा नावानिशी उल्लेख झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या अनेक कायद्यांची जागा घेतली, तथापि विम्यातून हंगामी कारखाना वगळण्याची तरतूद तिच्यात कायम राहिली. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या उपदानातही बारमाही कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन धरले जाते, हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांचे. वेतन हंगामी असेल. आजार, बाळंतपण आणि यंत्रात सापडलेले बोट हंगामी नसते, हे कायद्याच्या ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते.

जनगणनेतही हीच गत. वर्षातून सहा महिन्यांहून कमी काम करणारा मनुष्य 'सीमांत' कामगार ठरतो. वेचणारी स्त्री नोंदली जाते ती शेतमजूर म्हणून. वस्त्रोद्योगाच्या खात्यावर ती कधीच येत नाही. जी संख्या कागदावर नाही, तिच्यासाठी धोरण आखले जात नाही.

शेतकरी विरुद्ध मजूर?

यावर एक आक्षेप लगेच घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्यालाच जेथे खर्च निघत नाही, तेथे त्याने मजुरी वाढवावी कोठून? दहा रुपये दराने क्विंटलभर कापूस वेचायला हजार रुपये पडतात. हमीभावाचा हा आठवा हिस्सा झाला. खुल्या बाजारात भाव पडला की तो आणखी वाढतो. शिवाय जालन्यातील अल्पभूधारकाच्या घरातील स्त्री स्वतःच्या शेतातील वेचणी आटोपून दुसऱ्याच्या शेतात जाते. शेतकरी आणि मजूर ही येथे पुष्कळदा एकाच चुलीवरची माणसे आहेत.

म्हणूनच हा प्रश्न त्या दोघांमधला म्हणून मांडणे चुकीचे आहे. हमीभाव काढण्याची रीत पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. कृषिमूल्य आयोग शेतकऱ्याचा प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल यांची बेरीज करतो आणि २०१८-१९ पासून या बेरजेच्या किमान दीडपट हमीभाव देण्याचे धोरण आहे. प्रत्यक्ष खर्चात बाहेरच्या मजुरांना दिलेली मजुरी येते. घरच्या श्रमांचे मोलही गावातील चालू मजुरीवरून धरले जाते. म्हणजे वेचणारणीची मजुरी जितकी कमी, तितका कागदावरचा उत्पादनखर्च कमी, आणि तितकाच हमीभावही कमी. शेतकऱ्याची बायको आपल्याच शेतात चार महिने राबते, तिच्या श्रमाची किंमतही त्याच हलक्या मापाने मोजली जाते. वेचणी स्वस्त ठेवल्याचा फायदा शेतकऱ्याच्या पदरात राहतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो पुढे सरकत जाऊन गिरणी आणि गिऱ्हाईक यांच्या खिशात पडतो. तो फायदा तरी केवढा? क्विंटलभर कापसाच्या रुईतून शंभरांहून अधिक सदरे निघतात. एका सदऱ्यामागे वेचणारणीच्या वाट्याला दहा रुपयेही येत नाहीत. हा दर दुप्पट झाला आणि त्याचा सारा बोजा सरळ कापडावर पडला, तरी सदरा दहा रुपयांहून अधिक महाग होणार नाही. अडचण रकमेची नाही. मजुरीचा बोजा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याची वाट आज बंद आहे, आणि ती हमीभावाच्या हिशेबातूनच उघडू शकते.

दुसरा आक्षेप यंत्राचा. मजुरी वाढली तर वेचणीची यंत्रे येतील, मग या बायकांनी काय करावे? अमेरिकेत कापूस यंत्राने वेचला जातो, हे खरे. पण तेथे शेते विस्तीर्ण आणि झाडे बुटकी व एकाच वेळी फुटणारी आहेत. येथले तुकड्यांचे शेत आणि टप्प्याटप्प्याने फुटणारी संकरित वाणे यंत्राला लवकर वश होणार नाहीत. यंत्र कधी तरी येईलच. मजुरी दाबून ते थोपविता येईल असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. ते येईल त्या दिवसापर्यंत या स्त्रियांसाठी पर्यायी काम निर्माण झाले आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

तो पर्याय कोठून यावा, याचे उत्तर राज्याने स्वतःच दिले आहे. २०२३ ते २०२८ या काळाच्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यात पिकणाऱ्या कापसापैकी आज होते ती सुमारे ३० टक्के प्रक्रिया ८० टक्क्यांवर नेण्याचे आणि पाच लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. अमरावतीला केंद्राच्या योजनेतील वस्त्रोद्योग उद्यान मंजूर झाले आहे. मराठवाड्याला याचे विशेष मोल आहे. नांदेडची उस्मानशाही गिरणी आणि औरंगाबादची जुनी गिरणी बंद पडल्यानंतर या भागात कापूस पिकवायचा आणि कापड बाहेरून आणायचे, एवढेच उरले. जालन्याने रेशमाच्या बाबतीत वेगळी वाट दाखविली आहे. पूर्वी येथील शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. २०१८ मध्ये राज्यातील पहिली कोषबाजारपेठ जालन्यात सुरू झाली आणि तो फेरा टळला. बाजार जवळ आला तसे कामही जवळ आणता येते. परंतु सूतगिरणी आणि शिवणकामाचे कारखाने आले व तेथे पुन्हा बाहेरच्या टोळ्या आणि कंत्राटी पुरुष कामगारच भरले गेले, तर शेतातली बाई शेतातच राहील आणि कापडाची सारी प्रगती तिला दुरून पाहावी लागेल.

करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. वेचणीचा किलोमागचा दर राज्याने हंगामापूर्वी, हमीभावाच्या जोडीने जाहीर करावा. आणि बोंडे विरळ असली तरी दिवसाचे किमान वेतन पडेल अशी हमी त्यात असावी. नगावर चालणाऱ्या कामाला वेळेच्या वेतनाची हमी देण्याची कल्पना १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच होती. विम्यातून हंगामी कारखाना वगळण्याची तरतूद रद्द व्हावी. नव्या कारखान्यांना अनुदान देताना स्थानिक स्त्रियांची भरती व प्रशिक्षण यांची अट घातली जावी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात शेतीच्या ऐन हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा आहे. तिचा वापर वेचणीच्या काळात होऊ नये, कारण दुसरे काम हाताशी असेल तरच मजुराला दर मागता येतो.

सर्वांत आधी मोजणी. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही आहे. नोंदणीचे काम नेहमीप्रमाणे शिक्षकांवर आणि कारकुनांवरच येईल. 'घरकाम करते' या दोन शब्दांत गुंडाळली जाणारी कितीतरी उत्तरे त्यांच्यासमोर येतील. त्या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न विचारला गेला, दसरा ते संक्रांत ही बाई कोठे होती असे पाहिले गेले, तर महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योगाचे मनुष्यबळ किती मोठे आहे आणि त्यांत स्त्रिया किती आहेत, याचा खरा आकडा निदान कागदावर तरी येईल. मजुरीचा वाद त्यानंतरच नीट मांडता येईल.