कर्बवायूचे भाट

कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न. ते वाढलं तर पिकं जोमानं येतील, उपग्रहांनाही पृथ्वी हिरवी दिसते आहे, मग तापमानवाढीचा एवढा बाऊ कशाला, असं हल्ली मोठ्या ऐटीत सांगितलं जातं. पुरावा म्हणून काचघरातले टोमॅटो पुढे येतात. तिथे हा वायू मुद्दाम सोडतात आणि उत्पादन वाढतं, हे खरंच. पण त्याच काचघरात ठिबकचं पाणी मोजून मिळतं, विद्राव्य खत वेळेवर पोचतं आणि ऊन चढलं की यंत्र हवा थंड करतं, हे सांगताना या भाटांचा घसा नेमका बसतो. उघड्या रानाला छप्पर नसतं. २०२२चा मार्च हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा भरत असतानाच उष्णतेनं गाठलं; तो पुरता भरण्याआधीच पीक पिवळं पडलं आणि खळ्यावर आला तो सुरकुतलेला, हलका गहू. १३ मे रोजी सरकारला निर्यात थांबवावी लागली. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत २८० भाग असलेलं हे ‘अन्न’ तेव्हा ४१५च्या वर होतं. ताट वाढलेलं होतं, जेवणारा तापानं फणफणला होता! युरियाच्या बाबतीतही हाच युक्तिवाद होऊन गेला आहे: आणखी एक गोणी टाका, पीक दुप्पट. जमिनी बिघडल्या, पण हिशेबाची ती पद्धत काही गेली नाही.

शिवाय हा लाभ सगळ्या पिकांना सारखा नाही. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानांत कर्बवायू एकवटण्याची सोय मुळातच आहे. अवर्षणात थोडं पाणी वाचतं, त्यापलीकडे त्यांना फारसा लाभ नाही. उपग्रहांना दिसणारी भारतातली वाढती हिरवाई बहुतांशी पिकांची, म्हणजे पंपाची आणि खताची. आणि तण काय उपाशी राहणार आहे? उघड्या शेतात ५५० भागांपर्यंत वायू वाढवून केलेल्या प्रयोगांत गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी घटलं. पोतं भरलं, तरी पोळीतला कस गेला.

वाढीव वायूनं प्रकाशसंश्लेषण वाढतं, हे नाकारायचं कारण नाही. पण पिकाची मजल ठरते ती ज्या गोष्टीचा तुटवडा असेल तिच्यावर, आणि आपल्याकडे तुटवडा पाण्याचा आणि सोसवेल अशा तापमानाचा आहे. म्हणून उत्सर्जन घटवणं, उष्णता सोसणारे वाण आणि गव्हाची वेळेवर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली पेरणी, हीच वाट धरायला हवी.